"सगळे विकले गेलेत" म्हणणाऱ्यांना उत्तर

कृष्णाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "घरचा पेपर बंद केला, चॅनेलं काढून टाकली, सगळे विकले गेलेत, आता बातम्या फक्त यूट्यूबवर." खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. मला ते सहन झालं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

भारत-पाकिस्तान संघर्षातली 8 मे 2025 ची रात्र मीही पाहिली. चॅनेलांनी स्टुडिओत सायरन वाजवून कराची बंदर उडवलं, इस्लामाबाद ताब्यात घेतलं. सकाळी त्यातलं काहीच खरं नव्हतं. पूंछमध्ये तोफगोळ्यांत गेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं, शेवटी पोलिसांना खुलासा करावा लागला. त्याबद्दल जेवढा राग तेवढा कमीच. पण फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरचे शशिकांत वारिशे गेले, ते कोण होते? रिफायनरीच्या जमिनींवर लिहिणारा पत्रकार. ज्याच्याबद्दलची बातमी सकाळी छापून आली, त्यानेच दुपारी गाडी अंगावर घातल्याचा गुन्हा दाखल झाला. "सगळे" म्हणताना तुम्ही वारिशेंनाही त्यातच धरता.

सातपुडा: वारिशेंचं नाव पुढे करून बाकीच्यांची पापं धुऊ नका. विश्वास काय 2025 मध्ये गेला? 2009 ची विधानसभा आठवा. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारं 'अशोक पर्व'. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या पेपरांत तोच मजकूर, शब्दन् शब्द तोच, बातमी म्हणून. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड केलं. उमेदवार चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च किती, तर 5,379 रुपये! प्रेस कौन्सिलच्या, म्हणजे पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, उपसमितीने 2010 मध्ये पेपरांच्या नावांसकट अहवाल दिला, तो कौन्सिलनेच दाबून ठेवला. माहिती आयोगाने आदेश दिल्यावर 2011 मध्ये तो बाहेर आला.

कोर्टकचेरी: अर्धीच गोष्ट सांगू नका. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये चव्हाणांविरुद्ध याच हिशेबावरून आदेश काढला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो रद्द केला.

सातपुडा: रद्द केला, मान्य. उमेदवार सुटला. पण तोच मजकूर तीन ठिकाणी कसा छापून आला, हे पेपरांना कोणी विचारलं? एकाने तरी पहिल्या पानावर वाचकांची माफी मागितली?

वारणाकाठ: माझं दुखणं वेगळंच आहे. आमचं गाव सांगली जिल्ह्यात. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी साताऱ्याच्या आवृत्तीत ठळक, आमच्या आवृत्तीत कोपऱ्यात, आणि पूर आमच्या दारात. 2019 ला आम्ही पेपर बघत बसलो असतो तर गोठ्यातली जनावरं गेली असती. पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्याचा फोन आला म्हणून वाचलो. आता लोक व्हॉट्सअॅपवर विसंबतात म्हणून त्यांना नावं ठेवू नका.

माजी वार्ताहर: सातपुडा साहेब, मजकूर कसा छापून येतो ते मी सांगतो. मी तालुक्याला वार्ताहर होतो. मानधनात पेट्रोलही सुटायचं नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस, प्रत्येकाचं टार्गेट. एकदा नव्या रस्त्याची बातमी पाठवली. मुरमावर डांबराचा नुसता हात फिरवलेला, बोटाने उकरलं की पापुद्रा निघायचा. फोटो जोडले, गावकऱ्यांची नावं दिली. बातमी लागलीच नाही. त्या आठवड्यात त्याच ठेकेदाराची अर्धं पान शुभेच्छांची जाहिरात लागली, आणि तिचं बिल वसूल करायला मलाच पाठवलं.

मास्तरांची लेक: दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण आमच्याकडे दुसरी बाजू आली होती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. एक वार्ताहर ऑफिसात येऊन बसला, "वर्धापनदिनाला पाच हजारांची जाहिरात द्या, नाहीतर खिचडीच्या तांदळात अळ्या आहेत." वडिलांनी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी बातमी. चौकशीत तांदूळ चांगला निघाला. खुलासा कधीच छापला नाही. वडील बाजारात जायचे बंद झाले. टार्गेट होतं म्हणून हे माफ करायचं का?

माजी वार्ताहर: माफ करा म्हणालोच नाही! पण ते टार्गेट ठरवणारा केबिनमध्ये बसतो, त्याचं नाव कुणी घेत नाही. शिव्या खायला तालुक्याचा माणूस.

मास्तरांची लेक: खंडणी मागायला केबिनमधला आला नव्हता. तोंड तुमच्याच माणसाचं होतं.

कृष्णाकाठ: ताई, तुमचा राग रास्त आहे. पण पाच रुपयांत आख्खा पेपर हवा आणि वर्गणी वाढली की बंद करायचा, मग वार्ताहराचा पगार कोण देणार? ठेकेदारच ना? यूट्यूबवाल्याला कोण पोसतं, तेही एकदा विचारा.

सातपुडा: हे मात्र बरोबर बोललात, मला आवडलं नाही तरी. वारिशेंबद्दलही तुमचं मान्य, "सगळे" म्हणणार नाही. पण आधी त्यांनी करावं. वार्ताहराला जाहिरातीच्या कामातून मोकळा करा, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ठळक 'जाहिरात' लिहा, आणि बातमी जिथे छापली त्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात खुलासा द्या. एवढं करणारा पेपर दाखवा, दहा रुपये किंमत झाली तरी वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो. तोवर माझ्या घरी पेपर येणार नाही.