मोझार्टच्या रेक्विएमवर तटस्थपणे लिहायचंय, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या ग्रुपच्या अंकासाठी मोझार्टच्या रेक्विएमवर (मृतांच्या शांतीसाठी चर्चमध्ये गायची प्रार्थना-रचना) लेख लिहितेय, पण दर दोन ओळींनी 'अलौकिक', 'काळजाला भिडणारं' असं काहीतरी येतंच, आणि संपादक म्हणतात माहिती द्या, आरती नको 😅

त्यात या रचनेभोवती दंतकथा फार. काळ्या कपड्यातला गूढ माणूस, विषप्रयोग वगैरे. खरं तर काउंट वाल्सेग या सरदाराने आपल्या मृत बायकोच्या स्मरणार्थ नाव न सांगता ऑर्डर दिली होती, मोझार्ट 5 डिसेंबर 1791 ला गेला, तेव्हा काम अर्धवटच होतं, मग उरलेले पैसे मिळावेत म्हणून मोझार्टची बायको कॉन्स्टान्झने ते दुसऱ्यांकडून पुरं करून घेतलं, शेवटी मोझार्टचा मदतनीस झ्यूसमायरने केलं. बरं, लॅक्रिमोसा या रेक्विएममधल्या प्रसिद्ध भागाचे मोझार्टच्या हातचे फक्त पहिले 8 बार (तालाची आवर्तनं म्हणा) आहेत, म्हणजे ज्यावर सगळे रडतात त्यातला बराचसा भाग झ्यूसमायरचा! आता हे लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार मी खोड काढतेय.

तर विचारायचं होतं, श्रेय कसं मांडायचं? प्रत्येक भागापुढे कोणाचं किती ते लिहू की सुरुवातीलाच एकदा सांगून मोकळी होऊ? आणि संगीताचं वर्णन? 'व्हायोलिनचे तुटक सूर, मग सोप्रानो (उंच पट्टीतले स्त्री-आवाज) पायरी पायरीने वर चढतात' एवढंच लिहिलं तर कोरडं वाटतं का? दंतकथा पूर्ण गाळल्या तर लोक विचारणारच, मग त्यांना किती जागा देऊ? कोणी असं लिहिलं असेल तर प्लीज सांगा.