विमानाचा धूर कोणाच्या खात्यावर? इंधनबचतीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी एक शंका

अजिंक्यतारा (सातारा) – प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीच्या मुलांना घेऊन संध्याकाळी 'चार भिंती' या इथल्या टेकडीवरच्या स्मारकावर गेलो होतो. आकाशात उंचावरून पूर्वेकडे जाणाऱ्या एका विमानामागे पांढरी रेघ उमटत होती. एका विद्यार्थिनीने मोबाइलवर पाहिले, तेव्हा ते एका परदेशी कंपनीचे, आखाती देशातून आग्नेय आशियाकडे निघालेले विमान असल्याचे कळले. तिने विचारले, "सर, हे आपल्या डोक्यावरून धूर सोडत चालले आहे, मग तो भारताच्या हिशेबात धरतात का?" मी धरतात असे सांगून मोकळा झालो, घरी आल्यावर मात्र आपण ठोकून दिले की काय, अशी रुखरुख लागली.

त्यापुढची माझी स्वतःची शंका अशी की, देशोदेशीचे प्रतिनिधी विमान वाहतुकीच्या उत्सर्जनावर परिषदा घेतात आणि करारांवर सह्या करतात, त्यामुळे प्रत्यक्ष विमानाच्या टाकीतले इंधन वाचते का, की हे सारे कागदावरच राहते? या क्षेत्रातल्या जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, आपले उत्तर चुकले, पण ती चूक स्वाभाविक आहे. मुंबई-दिल्ली विमानाचा धूर भारताच्या हिशेबात येतो. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या विमानाने जाळलेले इंधन मात्र, ते जिथे भरले त्या देशाच्या अहवालात वेगळ्या रकान्यात दाखवले जाते आणि एकूण बेरजेत धरले जात नाही. १९९७ च्या, हवामानबदलाविषयीच्या क्योटो करारात विकसित देशांवर हे उत्सर्जन आवरण्याची जबाबदारी टाकली गेली, पण ती मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेमार्फत, म्हणजे 'आयकाओ'मार्फत पार पाडायची असे ठरले. ही संघटना ज्यातून जन्मली त्या १९४४ च्या शिकागो करारानुसार, परदेशातून येणाऱ्या विमानाच्या टाकीत आधीच असलेल्या इंधनावर सीमाशुल्क घेता येत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी या धुराची गत आहे. आपण पाहिलेले विमान तर इथे उतरणारही नव्हते, त्यामुळे त्याचा भारताच्या कोणत्याच रकान्याशी संबंध नाही.

आता दुसरी शंका. माझी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात गेली आणि त्यातला मोठा काळ मुंबईत गेला, म्हणून जवळून पाहिलेले सांगतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर रडारची नजर संपते. तिथून पुढे अरबी समुद्रावर विमान दिसत नसे. वैमानिक लांब पल्ल्याच्या, खरखरत्या एचएफ रेडिओवरून आपली जागा, वेळ आणि उंची कळवत असे आणि आम्ही ती प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेल्या कागदी पट्टीवर लिहीत असू. दिसत नाही म्हणून एकाच उंचीवरच्या दोन विमानांत दहा मिनिटांचे अंतर ठेवावे लागे. मध्यरात्रीनंतर आखातात आणि आफ्रिकेत जाणारी विमाने एकामागोमाग निघत. एखादा वैमानिक ३५ हजार फुटांची उंची मागत असे. वर आधीच कोणीतरी असे, त्यामुळे आम्ही त्याला ३१ हजारांवर ठेवत असू. खालच्या दाट हवेत जेट विमान जास्त इंधन पिते आणि ते तासन्‌तास तसेच जाई. त्यात कोणाची चूक नसे, पण पट्टीवरचा तो आकडा लिहिताना किती इंधन वाया चालले आहे, हे आम्हाला कळत असे.

हे बदलायला एकट्या मुंबईने काही करून भागणारे नव्हते. आमच्या क्षेत्राला, म्हणजे मुंबईच्या नियंत्रणाखालच्या आकाशाला, कराची, मस्कत, मोगादिशू, सेशेल्स आणि माले यांची क्षेत्रे लागून आहेत. आम्ही विमान एका उंचीवर सोडायचे आणि पलीकडच्याने ती उंची नाकारायची, असे झाले तर सीमेवरच त्याला खाली आणावे लागते. २९ हजार ते ४१ हजार फुटांदरम्यान विमानांमधले उभे अंतर २००० फुटांवरून १००० फुटांवर आणण्याचा निर्णय आपल्याकडे २००३ मध्ये अमलात आला, तो म्हणूनच आसपासच्या देशांनी एकाच दिवशी, ठरवून. सोयीच्या उंचीवरच्या जागा त्यामुळे जवळपास दुप्पट झाल्या. पुढे उपग्रहामार्फत लेखी संदेश येऊ लागले आणि त्यासाठी सज्ज असलेल्या विमानांमधले पुढचे-मागचे अंतर ५० नॉटिकल मैलांवर आले. दहा मिनिटे म्हणजे साधारण ८० मैल, हे लक्षात घ्या.

२०११ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरण, ऑस्ट्रेलियाची 'एअरसर्व्हिसेस' आणि दक्षिण आफ्रिकेची 'एटीएनएस' या हवाई वाहतूक नियंत्रण पाहणाऱ्या संस्थांनी हिंदी महासागरासाठी 'इन्स्पायर' नावाची भागीदारी सुरू केली. त्याआधी अटलांटिकवर २००७ मध्ये 'एअर' आणि प्रशांत महासागरावर २००८ मध्ये 'अस्पायर' हे असेच उपक्रम सुरू झाले होते. यातली मुख्य कल्पना साधी आहे: समुद्रावर ठरावीक मार्गाचा आग्रह धरायचा नाही, त्या दिवशीचा वारा पाहून विमान कंपनीने मार्ग आखायचा आणि वाटेतल्या सर्व देशांनी तो मान्य करायचा. नकाशावर तो मार्ग वाकडा दिसतो, पण वाऱ्याची साथ मिळाल्याने वेळ कमी लागतो. ए-३२० जातीचे विमान उंचावर मिनिटाला सुमारे ४० किलो इंधन जाळते आणि एक किलो इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाच मिनिटे वाचली तर किती, हे गणित मुलांना वर्गात घालता येईल.

हळदबाजार (सांगली)

कृष्णाकाठ यांचा अनुभव मोलाचा आहे, पण पाच मिनिटे वाचवायची आणि उड्डाणांची संख्या वाढवत न्यायची, याने एकूण धूर कमी कसा होणार? त्यावर आयकाओने २०१६ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे 'कोर्सिया'. २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्के ही सध्याची मर्यादा. तिच्यावर जाईल तेवढ्यापुरते विमान कंपन्यांनी दुसरीकडे कोणीतरी कमी केलेल्या कार्बनचे श्रेय विकत घ्यायचे. २०२७ पासून योजना सक्तीची होते आणि भारत तेव्हाच सहभागी होणार आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर, मी कृष्णेतून परवान्यापेक्षा जास्त पाणी उपसायचे आणि वरच्या गावातल्या कोणी मोटर बंद ठेवली असे लिहून दिले, की त्याला पैसे द्यायचे. त्याची मोटर तशीही बंदच असणार होती का, हे कोण तपासणार?

मला अधिक जवळचा विषय इंधनाचा वाटतो. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशात तयार केलेले शाश्वत इंधन, म्हणजे खनिज तेलाऐवजी वनस्पतीजन्य किंवा टाकाऊ पदार्थांपासून बनवलेले विमान इंधन, मिसळले होते. इथेनॉलपासूनही असे इंधन बनते, आणि आपल्या भागात इथेनॉल म्हणजे ऊस. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. कोर्सियाच्या नियमांनुसार, असे इंधन नेहमीच्या इंधनापेक्षा किमान १० टक्के कमी उत्सर्जनाचे हवे आणि १ जानेवारी २००८ नंतर मूळचे जंगल किंवा पाणथळ जागा मोडून केलेल्या शेतातले पीक त्याला चालत नाही. आमच्या बांधावर ऊस माझ्या आजोबांपासून आहे आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पीकपाहणीची नोंदही आहे, त्यामुळे त्या अटीची मला भीती नाही. भीती पाण्याची आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि पश्चिम भागात आम्ही उसाला पाट सोडतो. त्यात विमानाची टाकी भरण्यासाठी आणखी लागवड वाढली, तर त्या पाण्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार? मळीपासून किंवा चिपाडापासून होत असेल तर माझा आक्षेप नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

श्रेय विकत घेण्याबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. ते इंधनबचतीच्या नावाखाली मोजूच नये. २०२२ मध्ये आयकाओच्या सदस्य देशांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन काढून घेण्याचे, उद्दिष्ट स्वीकारले खरे, पण कोणत्या देशाने किती कमी करायचे हे त्यात ठरलेले नाही. मार्ग आणि उंची यांतून मिळणाऱ्या बचतीलाही मर्यादा आहे. हवामानविषयक आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, १९९९ मध्ये ती ६ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान धरली होती. पण ही बचत किती नाजूक आहे तेही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. वर्षानुवर्षे मिनिटामिनिटाने वाचवलेले एका आदेशाने गेले. २०२० मध्ये आपल्याच अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की देशातले ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळे आहे. बाकीचे खुले करण्यासाठी तर परदेशाशी बोलावेही लागत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

दोघांचेही आभार. उद्या वर्गात आधी माझे उत्तर दुरुस्त करतो. एक राहिले: त्या संध्याकाळी एका विमानाची रेघ लगेच विरली, तर दुसऱ्याची पसरत जाऊन ढगासारखी झाली. दुसऱ्याने जास्त इंधन जाळले असे समजावे का?

कृष्णाकाठ (सांगली)

नाही. ते त्या उंचीवरच्या हवेवर अवलंबून असते. हवा अतिथंड आणि बाष्पाने भरलेली असेल तर धुरातल्या कणांवर जमलेले बर्फाचे स्फटिक टिकतात आणि पसरतात; कोरडी असेल तर रेघ मिटते. टिकणारी रेघ रात्री जमिनीची उष्णता अडवते, म्हणून तीही तापमानवाढीत भर घालते. ती टाळायला विमान हजार-दोन हजार फूट खाली किंवा वर न्यावे लागते आणि तेवढे इंधन जास्त लागते. म्हणजे ज्या उंचीसाठी आम्ही रात्रभर भांडलो तीच कधी कधी सोडायला सांगावी लागेल. असे प्रयोग आता सुरू झाले आहेत, आणि तिथेही शेजारच्या क्षेत्राने ती नवी उंची स्वीकारायला हवी.