शिक्षण, सेवा आणि ‘नीट’ची तयारी : नाशिकला नव्याने आलेल्यांचे अनुभव

बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घ्यायचा आणि त्याच सुमारास एमबीबीएससाठी पुन्हा ‘नीट’ द्यायची, असे ठरवणारे विद्यार्थी नाशिकमध्ये आता सहज भेटतात. कमाल वयाची अट राहिलेली नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही, त्यामुळे बारावीनंतर हुकलेली वाट अनेकांना पुन्हा खुणावते. यांतले बरेच जण परगावचे असतात, आणि इथे आल्यावर त्यांतल्या काहींची रक्तदानाच्या, पाड्यांवरच्या आरोग्य तपासणीच्या किंवा अंध विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याच्या कामाशी ओळख होते. परदेशांतील काही वैद्यकीय महाविद्यालये प्रवेश देताना असे काम विचारात घेतात. आपल्याकडे मात्र प्रवेश ‘नीट’च्या गुणवत्ता यादीवर ठरतो आणि सेवेच्या प्रमाणपत्राला त्यात एकही गुण नाही. मग हातात आधीच वेळ कमी असताना तो सेवेला का द्यावा, आणि द्यायचाच तर किती व कसा, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरे वर्ष. मूळ गाव परभणी जिल्ह्यात

माझा विषय जीवशास्त्राच्या जवळचा असल्याने ‘नीट’ला त्याची मोठी मदत होत असेल, असे घरचे आणि बाहेरचे सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात ती मदत मर्यादित आहे. 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात हे खरे, पण ते अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर प्रकल्प करणाऱ्या मुलीलाही प्राण्यांचे संघ आणि फुलांची रचना नव्याने पाठ करावीच लागते. खरी अडचण भौतिकशास्त्राची आहे. पदवीच्या वर्षांत तो विषय हातातून सुटलेला असतो, आणि 720 पैकी 180 गुण त्याचे असतात. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असल्याने अंदाजाने उत्तरे ठोकण्याचीही सोय नाही. म्हणून प्रॅक्टिकलला जाण्यापूर्वीचा सकाळचा वेळ मी फक्त भौतिकशास्त्राच्या गणितांना देते, आणि जीवशास्त्र दिवसभरातल्या मधल्या मोकळ्या वेळांत उरकते.

महिन्यातला एक रविवार मी पेठ आणि सुरगाणा भागातल्या सिकलसेल (हिमोग्लोबिनमधल्या दोषामुळे होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीच्या शिबिरांसाठी ठेवला आहे. तिथे तंत्रज्ञ बोटाला टोचून घेतलेले रक्त द्रावणात मिसळतात आणि थोड्या वेळाने ती नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. नळीतून रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पुढच्या चाचण्यांसाठी पाठवावा लागतो, कारण आजारी कोण आणि नुसता वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण दोष मुलांकडे जाऊ शकणारा) कोण हे या पहिल्या चाचणीत कळत नाही. माझ्याकडे नोंदणीचे आणि समजावून सांगण्याचे काम असते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे वाक्य मी बारावीपासून पाठ म्हणत आले आहे. पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाल्यावर “म्हणजे आमचं पोर आजारीच होणार का?” असे एखादी बाई विचारते, तेव्हा प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक असते, हे तिला न घाबरवता आणि खोटा दिलासाही न देता सांगणे फार अवघड असते. माझे सांगून झाले की तिथल्या आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) तेच पुन्हा त्यांच्या बोलीत सांगतात, कधी हाताची चार बोटे पुढे धरून, आणि त्यानंतरच समोरून खरे प्रश्न येऊ लागतात. आशाताईंचे ते बोलणे मी लक्ष देऊन ऐकते, कारण एमबीबीएस झाल्यावर मला याच प्रकारचे काम करायचे आहे आणि ते शिकवणारे दुसरे कोणी मला अजून भेटलेले नाही.

एम.फार्म., पहिले वर्ष. मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यात

वरच्या ताईंविषयी आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. सेवा करावी की नाही, यापेक्षा त्या कामाची वेळ कोणाच्या हातात आहे हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी रक्तदाते जोडून देणाऱ्या एका गटात होतो. रक्तातले प्लेटलेट्स साठवणीत साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की नातेवाइकांचे फोन कोणत्याही वेळी येतात. असा फोन आल्यावर पुस्तक उघडे ठेवून बसून राहणे कोणालाच शक्य नसते, आणि तसे बसूही नये. म्हणून दिवाळीनंतर मी समन्वयाचे काम दुसऱ्या स्वयंसेवकाकडे रीतसर सोपवले. दात्यांची यादी, रक्तगट, शेवटच्या रक्तदानाची तारीख, सगळे नीट लिहून दिले. गटातल्या काहींना ते रुचले नाही आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. तरीही माझा निर्णय योग्यच होता, असे मी ठामपणे म्हणतो. रक्तदान मी आजही करतो, कारण पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचे अंतर ठेवावे लागते आणि तेवढ्यासाठी अभ्यासाचे काहीही बिघडत नाही. नव्या गावात आलेल्याने पहिल्याच महिन्यात कुठल्या गटाची जबाबदारी अंगावर घेऊ नये; आधी मेसचा डबा, खोली, अभ्यासिका आणि जाण्यायेण्याची बस यांची घडी बसू द्यावी.

एम.एस्सी. प्राणिशास्त्र, पहिले वर्ष. मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यात

मी अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून जात असे. या कामाबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. परीक्षार्थी सांगतो ते जसेच्या तसे लिहायचे असते. आपल्याला उत्तर येत असले तरी एक शब्दही आपल्या पदरचा घालायचा नसतो. त्यांना तासाला 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि जाणेयेणे धरले की अर्ध्याहून अधिक दिवस जातो. ते मला कधीच जड वाटले नाही. मात्र विद्यापीठाच्या परीक्षा सगळ्यांच्या एकाच हंगामात येतात, आणि ‘नीट’ही 2023 मध्ये 7 मे, 2024 मध्ये 5 मे व 2025 मध्ये 4 मे अशी नेमकी त्याच दिवसांत झाली. ज्या आठवड्यांत लेखनिकांची सर्वांत जास्त गरज असते, त्याच आठवड्यांत माझे स्वतःचे पेपर असतात.

यावर एका अंध मित्रानेच मार्ग सुचवला. तो एम.ए. करतो, त्याला संदर्भपुस्तकांची प्रकरणे वाचून ध्वनिमुद्रित करून हवी होती. हे काम रात्री जेवणानंतर अर्धा तास बसून होते, परीक्षेच्या महिन्यात थांबवता येते आणि सुट्टीत वाढवता येते. एक सूचना त्याने पहिल्याच दिवशी दिली, ती इतरांच्याही उपयोगी पडेल: प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा क्रमांक बोलायचा आणि तळटीप आली की ती तिथेच वाचायची, म्हणजे ऐकणाऱ्याला निबंधात संदर्भ देता येतो. पुस्तके मी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयातून आणतो. 1840 साली सुरू झालेल्या या वाचनालयाचे सभासद होणे, हे नाशिकला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने लवकरात लवकर करण्यासारखे काम आहे.

पालक, चांदवड तालुका

मुलगी नाशिकला एम.एस्सी. करते आणि ‘नीट’चीही तयारी करते. आमचे सगळे कांद्यावर चालते, भाव पडला की खोलीच्या भाड्याचीसुद्धा चिंता लागते, आणि खासगी महाविद्यालयाचे लाखांतले शुल्क आम्हाला झेपणारे नाही. तिला मी एवढेच सांगितले आहे की एम.एस्सी. अर्धवट सोडू नकोस. सरकारी जागा मिळाली तर आनंदच आहे, नाही मिळाली तरी हातात पदवी असेल. ती शिबिरांना जाते याला माझी हरकत नाही. रात्री परतायला उशीर होणार असेल तर आधी फोन करावा, इतकीच अपेक्षा आहे.

एमबीबीएस, पहिले वर्ष, शासकीय महाविद्यालय. त्याआधी नाशिकला एम.एस्सी.

पालककाकांनी दिलेला सल्ला मला माझ्या वडिलांनीही दिला होता, आणि तो पाळल्याचा फायदा झाला. निकाल साधारण जूनमध्ये लागतो, पण प्रवेशाच्या फेऱ्या पुढे बराच काळ चालतात आणि तोपर्यंत एम.एस्सी.चे पुढचे सत्र सुरू झालेले असते. जागा हातात पडेपर्यंत वर्ग, प्रॅक्टिकल आणि अंतर्गत मूल्यमापन चालू ठेवावे.

सेवेचा उपयोग काय, याबद्दल माझ्याकडे एक ताजे उदाहरण आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे. विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबे नेमून दिली जातात आणि त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा लागतो. पहिल्या भेटीत माझे अनेक वर्गमित्र अंगणातच थबकले. मी नाशिकला असताना क्षयरुग्णांच्या घरी पोषण आहाराची पाकिटे पोहोचवत असे. सहा महिन्यांचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरे वाटू लागताच का सोडले जाते, हे त्या घरांत बसून ऐकले होते, त्यामुळे आधी पाणी घ्यायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायचे आणि वही नंतर उघडायची, एवढे कळत होते.

आता कागदपत्रांविषयी, कारण पदव्युत्तर वर्गात असलेल्यांची धावपळ इथेच होते. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. आरक्षित प्रवर्गातील उमेदवारांनी जात वैधता आणि, लागू असल्यास, नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र आधीच हाती ठेवावे. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. आधीचे महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला बहुधा एम.एस्सी.च्या महाविद्यालयात जमा असतो, आणि तो परत मिळवायला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह यांची ना-देय प्रमाणपत्रे आणावी लागतात. ही प्रमाणपत्रे मिळवण्याचे काम निकालाच्या आठवड्यातच सुरू करावे, कारण जागा मिळाल्यानंतर हजर होण्यासाठी मोजकेच दिवस दिलेले असतात.