मदत हवी आहे: मिसकॅरेजनंतर जवळ यायची भीती वाटते

मैत्रिणींनो, तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं, क्युरेटिंग (गर्भपिशवी आतून साफ करणं) करावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत, निदान 2 आठवडे तरी संबंध नकोत. पॅडच वापरा, कप किंवा टॅम्पॉन नको. ताप आला किंवा स्रावाला वास आला तर लगेच या. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात, म्हणून निरोध वापरा.

हे सगळं पाळलं. आता रक्तस्राव थांबलाय, पण नवऱ्याने नुसता हात ठेवला तरी अंग आखडतं. तो काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. त्यात लालबागची खोली, पडद्यापलीकडे सासूबाई (डिंकाचे लाडू मात्र प्रेमाने वळतात हं!). रडायचं तरी नळ सोडून.

तुमची इच्छा परत कधी आली? परळ-दादरकडे मराठीत, न लाजवता बोलणारी समुपदेशक माहीत आहे का?