सिनेमाच्या आधीची पाच वर्षं

'गली बॉय' हा हिंदी सिनेमा आला म्हणून मुंबईची ही रॅप करणारी पोरं वर आली, असं म्हटलं जातं. ते अजिबात पटलं नाही, क्रम उलटा आहे. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचं 'आफत' हे गाणं २०१४ सालचं, रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ दोन्ही आयपॅडवर केलेलं. २०१५ मध्ये डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरबरोबरचं त्याचं 'मेरे गली में' आलं. सिनेमा उजाडला थेट २०१९ मध्ये!

त्या दिवसांत मी कुर्ल्यात शिकवण्या घ्यायचो. नववीतला एक मुलगा गणिताच्या वहीत मागच्या पानापासून रॅप लिहीत यायचा. यमकाखाली पेन्सिलीची रेघ, श्वास घ्यायचा तिथे फुली. घरात कुकर, टीव्ही आणि धाकटी भावंडं, म्हणून जिन्यात उभा राहून म्हणून दाखवायचा. एकदा मध्येच थांबून म्हणाला, "सर, इथे दम पुरत नाही, शब्द बदलतो." आणि खरंच, चार अक्षरांचा शब्द खोडून दोन अक्षरांचा घातला. ही मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि तो जिना नेझीच्याच कुर्ल्यातला होता, त्यामुळे 'आपल्यातलाच एक जण करतोय' एवढं त्या मुलाला पुरेसं होतं. सिनेमाची वाट कोण बघत बसलं होतं?