मोसंबीचा मिमोसा कडू कामून व्हायलाय?

लातूरचा_जावई:
मंडळी जरा मदत पाहिजे. मागं पुण्यात मेव्हण्याकडं गेलो होतो तवा एका हॉटेलात नाष्ट्याला मिमोसा पिलो, म्हणजे संत्र्याचा रस अन् स्पार्कलिंग वाईन, बायकोला लई आवडला. आता आमच्या लग्नाला दहा वर्षं व्हायलेत, मेव्हणा-मेव्हणी इकडं यायलेत, म्हणलं घरीच करू. रविवारी ट्रायल घेतली अन् पार फजिती. नाशिकची ब्रूट (म्हणजे कमी गोड स्पार्कलिंग वाईन) बाटली आणली, संत्री भेटली नाहीत म्हणून सकाळी मोसंबी सोलून मिक्सरला फिरवली, गाळून रस ठेवला, संध्याकाळी ग्लासात आधी रस अन् वरून वाईन ओतली तर फेस सगळा ओट्यावर, अन् खाली राहिलं ते कडूजार. बायको म्हणली ह्याच्यापेक्षा गुळवेलीचा काढा बरा. चूक वाईनची का मोसंबीची का माझी?

अंबडचा_बागवाला:
मोसंबीला नावं ठेवू नका दादा, आमचं घर चालतंय तिच्यावर 😄 चूक मिक्सरची अन् घड्याळाची. मोसंबीच्या बिया, पांढरी साल अन् फोडीवरचा पापुद्रा, ह्याच्यात जे असतं ते फळात असेपर्यंत कडू लागत नाही, पण रस काढला की रसातल्या आंबटपणानं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, अन् ते लिमोनिन कडू. म्हणून रसवंतीवर समोर काढलेला रस गोड लागतो अन् तोच बाटलीत भरून घरी आणला की तोंड वाकडं. तुम्ही तर बियासगट फिरवलं, मग काय राहिलं. आडवी कापून हातानं पिळा, जोर लावून साल चेपू नका, अन् पिळला की अर्ध्या तासात संपवा. रस थंड पाहिजे म्हणून रस नका ठेवू फ्रिजमध्ये, अख्खी मोसंबी ठेवा रात्रभर. हिरवंगार कच्चं फळ घेऊ नका, ते जास्त कडू. आंबे बहाराचं (बहार म्हणजे झाड फुलायचा हंगाम) फळ दिवाळीच्या आगंमागं येतं, मृग बहाराचं उन्हाळा लागताना, तवा चांगलं पिकलेलं भेटतं.

काउंटरच्या_आतला:
मी संभाजीनगरला एका हॉटेलच्या बारवर नऊ वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. बागवाले दादा बरोबर आहेत, फक्त एक ॲड करतो, मोसंबीत आंबटपणा संत्र्याहून कमी असतो, नुसती टाकली तर मिमोसा मिळमिळीत लागतो. चार मोसंब्यांच्या रसाला अर्धं लिंबू पिळा, अन् तेही वाईनमध्ये मिसळायच्या अगदी आधी.

फेसाचं म्हणाल तर तीन गोष्टी झाल्या असणार. बाटली नीट गार नव्हती, रसात चोथा होता (त्या प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात), अन् ओतायचा क्रम उलटा. ग्लास तिरका धरून आधी वाईन, फेस बसू द्या, मग रस हळूच कडेनं सोडा. रस जड असतो, आपोआप खाली जातो, चमच्यानं ढवळायचं नाही, ढवळलं की गॅस गेला. बाटली कमीत कमी चार तास फ्रिजमध्ये पाहिजे, किंवा बादलीत बर्फ, पाणी अन् मूठभर मीठ टाकून अर्धा तास. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीतून आणलेली बाटली तशीच उघडली तर बूच पंख्याला लागतं, मस्करी नाही, आत मोटारीच्या टायरच्या दुपटी-तिपटीनं प्रेशर असतं. तारेची जाळी सैल केली की अंगठा बुचावरून काढायचाच नाही, वरून टॉवेल धरा, बूच घट्ट पकडून खालून बाटली फिरवा. आवाज फुस्स आला पाहिजे, फटाका नाही.

माप म्हणजे निम्मं-निम्मं, 75 मिली वाईनला 75 मिली रस, 750 ची बाटली दहा ग्लास भरते. लंडनच्या बक्स क्लबात 1921 च्या सुमाराला बक्स फिझ नावाचं असलंच पेय काढलं, त्यात दोन भाग शॅम्पेन अन् एक भाग रस, मिमोसा पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचा म्हणतात. मला विचाराल तर मोसंबीला हेच दोनास-एक बरं. अन् ब्रूट घेतली ते बेस्ट केलं, रसाचा गोडवा असतोच. लेबलवर एक्स्ट्रा ड्राय दिसलं तर फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते, हे नाव कुणी ठेवलं देव जाणे.

बोरी_बाभळी:
रेसिपीचं मला कळत नाही पण नाव ज्या झाडावरून पडलं त्याची फुलं आपल्या बाभळीसारखीच पिवळी गोंड्याची असतात अन् झाडही बाभळीच्याच भाऊबंदकीतलं. बांधावर सगळीकडं मिमोसाच आहे म्हणा की आपल्याकडं 😂

परभणीची_ताई:
उन्हाळ्यात पाहुणे आले असते तर म्हणले असते मोसंबी सोडा अन् केसर आंबा घ्या. बेलिनी म्हणून असते, व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये चिप्रियानी नावाच्या मालकानं काढलेली, पांढऱ्या पीचचा गर अन् प्रोसेको (इटलीची स्पार्कलिंग वाईन), चित्रकाराच्या नावावरून नाव दिलं. पीच आपल्याला कुठून भेटणार, मी केसरचा गर दोनदा गाळून करते, एक भाग गर अन् दोन भाग वाईन. गर मात्र लई फेसाळतो, थोडी थोडी वाईन टाकत जायची, घाई केली की तुमच्यासारखा ओटा पुसायचा. अन् भाऊ, उरलेल्या बाटलीत चमचा अडकवून ठेवला तर गॅस टिकतो म्हणतात ते खोटंय, मी करून पाहिलं. दाबाचं झाकण भेटतं ते घ्या नाहीतर त्याच दिवशी संपवा.

लातूरचा_जावई:
झालं बरं का मंडळी, काल केला. मोसंबी रात्रभर फ्रिजमध्ये, हातानं पिळली, दोनदा गाळली, लिंबू, अन् दोनास-एक. कडू अजिबात नाही. बूच टॉवेलातच राहिलं, फक्त पहिल्या ग्लासाला मेव्हण्यानं हुशारी करून ढवळलं, त्याचं सपक झालं, ते त्यानंच पिलं. आई स्वयंपाकघरात आली अन् काय चाललंय म्हणली, म्हणलं मोसंबीचा रस. मग मलाबी द्या की. तिला नुसता रस अन् सोडा टाकून दिला, तर एक घोट घेऊन म्हणली, माझ्यात अन् तुमच्यात फरक दिसायलाय, तुमचा जरा फिक्का कामून हाय? बायको अजून हसायलीय.