मदत हवी आहे: पोळ्याची कुस्त्यांची दंगल तोंडावर आणि पोरांना एकमेकांना धरायची बंदी

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची कुस्तीची लहानशी तालीम आहे. नऊ पोरं, बारा ते सतरा वयाची. नागपंचमीच्या आधी एकाच्या मानेवर गोल चट्टा उठला. आम्ही घामोळं समजलो. आठ दिवसांत पाच जणांच्या काखेत, जांघेत गजकर्ण. दोघांनी मेडिकलवरून ट्यूब आणून चोळली होती, ती स्टिरॉइड मिसळलेली निघाली. वरची लाली गेली, पण बुरशी पसरतच राहिली.

डॉक्टरांनी पंचमीपासून तीन आठवडे सगळ्यांचीच पकड बंद केली, कुस्तीच्या मातीचा हौदाही बंद. पंचमी ते पोळा पंचवीस दिवस. कोणाला उतरवायचं ते डॉक्टर तपासून सांगतील, त्यात मी घाई करणार नाही. पण जे बरे होतील त्यांना जोड करायला, म्हणजे जोडीदाराशी लढून सराव करायला, चारच दिवस मिळतात.

ताकदीची काळजी नाही. जोर, बैठका, सपाट्या लांब लांब उभे राहून रोज होतात. मल्लखांब थांबवला, कारण एकाच्या अंगाचं दुसऱ्याला तिथूनही लागेल.

अडचण आहे ती पकडीची. केळी कापल्यावर पडलेले खांब शेतातून आणले, प्रत्येकाला एकेक. ओला खांब चांगला जड असतो, हातातून निसटतो, त्यामुळे उचलायला आणि धोबीपछाडला झकास. चिकाने कपडे काळे पडतात, ते चालेल. पण काल धाकटा म्हणाला, "दादा, हाऊ खांब काय जोर लावस?" आणि खरंच आहे. समोरच्याचा भार कोणत्या पायावर गेला हे अंगाला अंग लागल्याशिवाय कळायचं कसं? पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची, वेळ तिथेच तर सापडते. कोणी असा सराव घेतला असेल तर कृपा करून सांगा.

प्रतिसाद, शिरपूरहून:
वस्ताद, पाच-पाच फुटांचे दोन बांबू घ्या. दोन पोरं समोरासमोर, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेका बांबूचं टोक. मग रेटा, ओढा, हिसका द्या. समोरच्याने पाय उचलला की बांबू हलका लागतो, ते मनगटाला लगेच समजतं. थोडं जमलं की एकाला डोळे मिटायला सांगा, तेव्हा खरी समज येते. टोकं ज्याची त्यालाच, खूण करून ठेवा. रुमाल, लंगोट कोणीही दुसऱ्याचा वापरायचा नाही, आणि धुतलेला पूर्ण वाळल्याशिवाय नेसायचा नाही. श्रावणात ऊन नसलं तर इस्त्री फिरवा. चट्टे दिसेनासे झाले म्हणून औषध मध्येच सोडू देऊ नका, आमच्याकडे तिथेच पुन्हा उलटलं होतं.

धागाकर्ता:
भाऊ, फार आभार. बांबू घरचाच आहे, उद्या पहाटेच सुरू करतो. बारा वर्षांच्या पोराची मूठ लहान, त्याला बारीक बांबू दिला तर ओढताना चिरफळेल का?